सातबाऱ्यावर नाव नसलेली पिढी

सोलापूर-धुळे महामार्गाने येडशी मागे टाकून बीडच्या दिशेला निघाले की बालाघाटाच्या पठारावर येरमाळा लागते. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातले हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते येडेश्वरी देवीमुळे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखी आमराईत येते आणि लाखो भाविक चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात. श्रद्धेचा हा विधी इथला भूगोलही सांगून जातो. जमीन बरड, चुनखडीची. मातीचा थर बेताचा. जवळच तेरखेड्याच्या परिसरात तेरणा उगम पावते, मांजरेला मिळते आणि ते पाणी गोदावरीत जाते. याच डोंगररांगेच्या दुसऱ्या उतारावरचे पाणी सीनेत उतरते, सीनेतून भीमेत आणि पुढे कृष्णेच्या खोऱ्यात. दोन मोठ्या खोऱ्यांमधला हा पाणलोटाचा माथा आहे, आणि माथ्यावरच्या गावाला वरून पाणी आणून देणारी नदी नसते. वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तो जेवढा पडेल आणि त्यातला जेवढा मुरेल, तेवढाच गावाचा. त्यामुळे अशा गावात पाण्याचा, पिकाचा किंवा झाडांचा प्रत्येक निर्णय हा हवामानाचा निर्णय ठरतो, त्याला तसे नाव कोणी देवो न देवो.

हे निर्णय घेतो कोण? बोअर कुठे आणि किती फूट घ्यायचा, ऊस लावायचा की सोयाबीन-तुरीवर भागवायचे, डोंगराकडची जमीन पवनचक्कीच्या कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची का, या सगळ्यांवर सही चालते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याची. बापाच्या हयातीत जमीन मुलाच्या नावावर होणे ही आपल्याकडे अपवादाची गोष्ट, आणि मुलीच्या नावावर होणे त्याहूनही मोठा अपवाद. साठीतला माणूस पंचवीस-तीस वर्षांच्या करारावर सही करतो आणि त्या कराराखाली जगायचे असते ते घरातल्या अठरा वर्षांच्या पोराला, नाही तर पोरीला. यात त्या वडिलांचा काही दोष नाही. कायद्याने आणि रिवाजाने त्यांच्या हाती दिलेले काम ते करतात. पण हवामानबदलाने निर्णय आणि परिणाम यांच्यामधले अंतर फार वाढवले आहे. जमिनीच्या मालकीवर उभी असलेली आपली निर्णयपद्धत त्या अंतराला पुरी पडत नाही. हवामानाच्या कामात तरुणांना सामील करून घेतले पाहिजे, असे हल्ली सगळेच म्हणतात. माझे म्हणणे असे की कामात ते आधीपासूनच आहेत, फक्त निर्णयात नाहीत. आणि निर्णयातली त्यांची जागा मोठ्या परिषदांमध्ये शोधण्याआधी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शोधायला हवी.

२००५ च्या सुमारास या भागात जन्मलेल्या मुलाने विशीपर्यंत काय काय पाहिले? शाळेत जाऊ लागला तोवर २०१२ चा दुष्काळ आला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने रब्बी झोपवली. त्यानंतरची दोन वर्षे अशी गेली की शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्या वर्षी जिल्ह्यातल्या वाशी, धाराशिव आणि लोहारा तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. दोनच वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, त्याच जिल्ह्यात अतिवृष्टीने शेतातली माती वाहून गेली आणि परांडा-भूम भागात पुरात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. दुष्काळ इथे नवा नाही. १९७२ ची आठवण अजून घरोघरी आहे. नवे आहे ते टोकांचे हे झपाट्याने येणे-जाणे. आज जी मुले पाच-सहा वर्षांची आहेत त्यांच्या वाट्याला याहून जास्त येणार आहे. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने असा अंदाज मांडला, की देशांनी तेव्हा दिलेली वचने पाळली तरीसुद्धा २०२० मध्ये जन्मलेल्या मुलाला त्याच्या आयुष्यात १९६० मध्ये जन्मलेल्या माणसाच्या साधारण सातपट उष्णतेच्या लाटा सोसाव्या लागतील. आजा आणि नातू एकाच ओसरीवर बसतात, पण त्यांच्या वाट्याचे ऊन सारखे नाही.

कामात तरुण आधीपासून आहेत म्हणजे कसे, ते नेमके पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याचा हवामानाशी असलेला सरकारी व्यवहार आता मोबाइलवर आला आहे. २०२१ पासून सातबाऱ्यावरच्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवरून करावी लागते. पीकविमा, अनुदानाचे अर्ज, नुकसानीचे फोटो, सगळे ऑनलाइन. हे घरात कोण करते? बहुधा कॉलेजात जाणारा मुलगा, नाही तर दहावी-बारावीतली मुलगी. या कारकुनीची किंमत किती मोठी असू शकते, हे धाराशिव जिल्ह्यानेच पाहिले आहे. २०२० च्या खरिपात परतीच्या पावसाने सोयाबीन गेले. नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही, या कारणावरून साडेतीन लाखांच्या आसपास शेतकऱ्यांची भरपाई अडली. अखेर मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. वीज नसलेल्या, रेंज नसलेल्या, पाण्याने वेढलेल्या गावात ७२ तासांची अट कितपत शहाणपणाची, हे ज्यांच्या हातात तो मोबाइल असतो त्यांना सगळ्यांत आधी समजते. पण विम्याच्या अटी ठरवताना त्यांना विचारायचे कुणाच्या मनात आले नाही, आणि गावपातळीवरही त्यांचे हे ज्ञान कुठे नोंदवले जात नाही.

दुसरे काम अंगमेहनतीचे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. दत्तक गावातली सात दिवसांची शिबिरे, वनराई बंधारे, वृक्षलागवड हे तिचे ठरलेले उपक्रम. राज्य सरकारने २०१६ ते २०१९ या काळात दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत झाडे लावण्याची उद्दिष्टे घेतली, तेव्हाही खड्ड्यापाशी रोप घेऊन उभी होती ती शाळा-कॉलेजची मुले. कोणते झाड लावायचे, कुठल्या गायरानात, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, गुरे कुठे चरणार, हे मात्र वरून ठरून आले होते. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची एक शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही, कारण तिथे मुलांना कधी आपल्या हेतूसाठी वापरून घेतलेले असते, कधी नुसते सजावटीपुरते तर कधी नावापुरते उभे केलेले असते. आपल्याकडच्या बहुतेक वृक्षदिंड्या आणि पर्यावरण-घोषवाक्य स्पर्धा त्या खालच्या पायऱ्यांवरच्या आहेत. हे कडू वाटेल, पण तेच खरे आहे.

श्रम आणि निर्णय वेगळे पडले की काय होते, याचा धडा पाण्याच्या चळवळीनेच दिला आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ ते २०१९ या काळात गावोगावच्या तरुणांनी उन्हाळ्यात समतल चर खोदले. २०१९ चे पहिले बक्षीस इथून फार दूर नसलेल्या बार्शी तालुक्यातल्या सुर्डी गावाने मिळवले. ती मेहनत मोलाची होती. तिचा अवमान कुणी करू नये. पण मुरवलेले पाणी कोणी, कोणत्या पिकासाठी आणि किती उपसायचे, याचा नियम गावाने केला नाही तर श्रमदानाचे पाणी नव्या बोअरमधून दोन-तीन वर्षांत वर निघते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे वेगळेपण इथेच आहे. तिथे दरवर्षी पावसाची मोजणी होते, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून पीक ठरते. शेतीसाठी बोअर आणि ऊस यांना गावानेच मनाई केली. चर खोदायला हजार हात लागतात, पण पाणी टिकते ते ग्रामसभेतल्या त्या एका ठरावामुळे.

मग तो ठराव करताना कोण हजर आहे, याने काही फरक पडतो का? पडतो, आणि त्याचा भक्कम पुरावा आपल्या देशातला आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींमध्ये स्त्रियांना जागा राखीव झाल्या. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवून दिले, की सरपंचपद स्त्रीसाठी राखीव असलेल्या गावांत स्त्रियांच्या गरजांशी जुळणाऱ्या कामांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, जास्त खर्च झाला. कोणते गाव राखीव होणार हे आधीच्या कारभारावर ठरत नव्हते, म्हणून या निष्कर्षाला वजन आहे. निर्णय घेणारा बदलला की निर्णय बदलतो. पुढे २०१२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात असेही दिसले की लागोपाठ स्त्री-सरपंच असलेल्या गावांत किशोरवयीन मुलींच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या अपेक्षा उंचावल्या. पाणी भरणारी पाण्याचा निर्णय घेऊ लागली तेव्हा पैसा पाण्याकडे वळला. मग पुढची पन्नास वर्षे ज्यांना काढायची आहेत ते निर्णयाला बसले तर पैसा कुठे वळेल, हे विचारायला पुरेसे कारण आहे.

धाराशिव जिल्ह्याकडे याहून जवळचा दाखला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) गावांत पुनर्बांधणीच्या कामातून स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने वाढली. दुष्काळाच्या वर्षांत या संस्थेने बायकांबरोबर जे केले त्याला ‘एक एकर शेती’ म्हणून लोक ओळखतात. बाईने घरच्यांकडून अर्धा-एक एकर आपल्या निर्णयासाठी मागून घ्यायचा. त्यात भाजीपाला, कडधान्ये, ज्वारीसारखी खायची पिके घ्यायची. खत-औषध शक्यतो घरचे. बाकीच्या रानात नवऱ्याचे सोयाबीन राहू द्यायचे. सातबारा बदलला नाही, भांडण झाले नाही, पण एका तुकड्यावरचा निर्णय हलला. दुष्काळात त्या तुकड्याने घराला खायला दिले आणि मग उरलेल्या रानाबद्दलही बाईचे मत विचारले जाऊ लागले. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला या प्रयोगात तरुणांसाठी सर्वांत उपयोगी वाटते ती त्याची मर्यादा: सगळे रान मागायचे नाही, पण जे मागितले तिथला निर्णय पुरा आपला. शेती नको म्हणून पुण्याला निघालेल्या मुलाला आणि लग्नाआधी रानात नुसती राबणाऱ्या मुलीला घरच्या जमिनीतला अर्धा एकर चार हंगाम आपल्या हिशेबाने करू दिला, तर जोखीम घराला पेलेल इतकीच राहते.

गावपातळीवर दारे कमी नाहीत. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के हिस्सा स्वच्छतेसाठी आणि पिण्याचे पाणी-पाऊस साठवणीसाठी बांधून दिलेला होता, म्हणजे हा आराखडा मोठ्या अंशी पाण्याचाच. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ पासून चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात धाराशिव जिल्हा आहे आणि त्यातल्या गावांत सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती असते. अटल भूजल योजनेतल्या महाराष्ट्राच्या तेरा जिल्ह्यांतही हा जिल्हा होता. तिथे गावाने पाण्याचा ताळेबंद करायचा होता. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. ही नोंदवही कित्येक गावांत बाहेरच्या माणसाने भरून दिलेली आणि कपाटात ठेवलेली असते. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरचा वाघ शेकडो किलोमीटर चालत येडशी रामलिंग घाट अभयारण्यात येऊन पोहोचला, तेव्हा या उघड्याबोडक्या समजल्या जाणाऱ्या माळरानांतून अजून वाट शिल्लक आहे हे सगळ्यांना कळले. ती वाट कुठल्या ओढ्याने, कुठल्या गायरानातून जाते, हे त्या नोंदवहीत लिहून काढण्यासाठी शाळेतल्या आणि गुराख्यांच्या पोरांहून योग्य माणसे कोणती?

शाळेची बाजूही तयार आहे. राज्य मंडळाने नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आणला आहे. मुले भूजल शिकतात, पाण्याचा ताळेबंद शिकतात, प्रकल्पवही भरतात, श्रेणी घेतात. आणि वही रद्दीत जाते. ती वही ग्रामपंचायतीत जायला काय हरकत आहे? नववीतल्या मुलीला करता येईल असा हिशेब पाहा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. साडेसातशे मिलिमीटर म्हणजे हेक्टरी पंचाहत्तर लाख लिटर. मोकाट पाणी दिलेल्या उसाला वर्षाला ढोबळमानाने दोन हजार मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर लागते. उसावर पडणारा सगळा पाऊस त्याच्याच कामी आला असे धरले तरी सव्वा कोटी लिटर जमिनीतून उपसावे लागतात. आपल्या काळ्या खडकात पावसाचा साधारण दहावा हिस्सा मुरतो, म्हणजे हेक्टरी साडेसात लाख लिटर. भागाकार करा: एका हेक्टर उसासाठी सोळा-सतरा हेक्टरांत मुरलेले पाणी. ठिबक केले तर आकडा खाली येतो, जमीन बदलली की थोडा इकडेतिकडे होतो, पण त्याची जात बदलत नाही. मराठवाड्यातल्या उसाला आणि नव्या कारखान्यांना आवर घालावा, अशी शिफारस २०१९ मध्ये तत्कालीन विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी सरकारला केली होती. ती शिफारस मंत्रालयातून गावात उतरण्याची वाट पाहण्यापेक्षा हा भागाकार गावातल्या पोरीने आपल्या गावच्या आकड्यांनिशी ग्रामसभेत मांडला, तर चुलत्या-मामांना तो टाळणे जड जाईल. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासात असेच दिसले होते: मुले शाळेत हवामानबदल शिकली की घरी आईवडिलांची काळजी वाढते, आणि मुलींच्या बोलण्याचा परिणाम जास्त होतो.

पावसाचेही तसेच. अतिवृष्टीची मदत ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची अट ओलांडली की अतिवृष्टी. येरमाळा हे मंडळाचे गाव, पण त्याच मंडळातल्या दहा किलोमीटरवरच्या वाडीत ढग वेगळा फुटतो. प्रत्येक शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक बसवून मुलांनी रोज सकाळी ठरल्या वेळी नोंद घेतली, तर त्या नोंदीला आज कायदेशीर किंमत नसेल, पण पाच वर्षांच्या सलग नोंदी हातात असलेले गाव तहसीलदारापुढे वेगळ्या आवाजात बोलते.

यावर पहिला आक्षेप असा असतो, की पोरांना कळते काय. आधी शिकावे, कमवावे, मग बोलावे. अनुभवाची किंमत मला मान्य आहे. कुठल्या विहिरीचे झरे कधी आटतात, हे म्हाताऱ्या माणसाइतके कुणालाच ठाऊक नसते. पण अनुभव जुन्या पावसाचा आहे आणि पाऊस बदलला आहे. दोन्ही पिढ्या एकत्र बसल्याशिवाय भागणार नाही. शिवाय मराठवाड्याने तरी हा आक्षेप घेऊ नये. १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात वंदे मातरमच्या हक्कासाठी वसतिगृहे सोडणारे विद्यार्थीच होते, आणि त्यांतले कित्येक पुढे मुक्तिसंग्रामात उतरले. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनीच पेटवले. अगदी अलीकडचा दाखला हवा असेल तर पॅसिफिक बेटांवरच्या सत्तावीस कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये वर्गातल्या चर्चेतून हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे न्यावा, अशी मागणी पुढे आणली. वानुआतू या चिमुकल्या देशाने ती उचलली, आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की हवामानाची हानी रोखणे ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे.

मात्र न्यायालयाचे दार शेवटचे असते आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. मुंबईच्या आरेमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी रातोरात झाडे तोडायला सुरुवात झाली. कायद्याच्या विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली खरी, पण तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. उत्तराखंडच्या रिधिमा पांडेने नऊ वर्षांची असताना २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला; २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. तरुणांची ताकद अशी शेवटच्या क्षणी कोर्टात आणि रस्त्यावर खर्ची पडते, कारण निर्णय होत असतानाच्या खोलीत त्यांना खुर्ची नसते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: ही पोरे गावात राहणारच नाहीत, तर त्यांनी गावाचे का ठरवावे? पुण्याकडे जाणारी एसटी दर सणानंतर भरून निघते, हे कुणी नाकारणार नाही. पण गाव सोडण्याचे एक कारणच हे आहे, की घरात आणि गावात आपल्या म्हणण्याला किंमत नाही आणि रानात पाणी नाही. शिवाय जाणारे सगळे कायमचे जात नाहीत. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात, टँकरच्या दिवसांत परत येतात. त्यांच्या मुलांचे शाळेचे वर्ष मोडते, त्यांची जमीन नसते किंवा नावापुरती असते. तरुण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे मोटारसायकलवरचा, गळ्यात पक्षाचा गमछा असलेला पोरगा येतो. सहभाग त्याच्यापुरता राहिला तर जुनीच सत्ता नव्या वयात बसेल. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली मुलगी आणि टोळीबरोबर जाणारा मुलगा बैठकीत आले का, ही कसोटी धरावी लागेल. आणि ती धरायची तर सभा ऊसतोड सुरू होण्याआधी, दसऱ्याच्या आसपास घ्यावी लागेल. २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्याच सुमारास असते, आणि पुढच्या वर्षाच्या आराखड्याचे कामही तिथूनच सुरू होते.

आणखी एक शंका विचारी माणसे घेतात, आणि मला ती सगळ्यांत गंभीर वाटते. भारतात माणशी कार्बन-डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. येरमाळ्याच्या पोराचे त्याहून कितीतरी खाली. ज्यांनी बिघडवले नाही त्यांच्याच माथी दुरुस्तीचे ओझे का? दहा देशांतल्या, भारतासह, दहा हजार तरुणांच्या २०२१ च्या पाहणीत एकोणसाठ टक्क्यांनी हवामानाची फार किंवा अतिशय चिंता वाटते असे सांगितले होते. त्यात अजून भर का घालायची? याचे उत्तर जबाबदारी आणि अधिकार वेगळे करण्यात आहे. उत्सर्जन घटवण्याची जबाबदारी मोठ्या देशांची आणि उद्योगांची. चर खोदायची, टँकर पाठवायची जबाबदारी सरकारची आणि ग्रामपंचायतीची. ती मुलांवर ढकलू नये. अधिकार मात्र त्यांचाच: माहिती मिळण्याचा, बोलण्याचा, उत्तर मिळण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ च्या निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ व्या कलमांत पाहिला. हक्क आहे म्हटल्यावर तो वयाच्या दाखल्यावर अडू नये.

वयाची अडचण खरोखर आहे. ग्रामसभेचा सभासद अठराव्या वर्षी होता येते, पंचायतीची निवडणूक एकविसाव्या वर्षी लढवता येते. त्याखालच्यांना मत नाही. पण मत नसताना म्हणणे नोंदवण्याची सोय आपल्याच कायद्यात आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेपुढे ठेवायच्या असतात. बालस्नेही गावाच्या सरकारी संकल्पनेत बालसभाही अपेक्षित आहे. त्या दोन्ही कागदावर उरकल्या जातात, ही तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे. म्हणून सभा भरली की नाही याला मी फार महत्त्व देणार नाही. पुढे काय झाले त्याला देईन.

येरमाळ्यात हे करून पाहायला यात्रेइतका चांगला विषय नाही. चैत्री पौर्णिमा ऐन उन्हाळ्यात येते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावरच्या सरकारी समारंभात उष्माघाताने चौदा माणसे गेली; आणि तिथे गर्दी काही तासांची होती. आमराईतली यात्रा काही दिवस चालते. सावली कुठे कमी पडते, टँकरची रांग कुठे तुंबते, प्लास्टिकचे द्रोण-ग्लास कुठल्या ओढ्यात जातात, दुपारी बारा ते चार लहान मुले आणि म्हातारी माणसे कुठे थांबतात, हे स्वयंसेवक म्हणून पळणाऱ्या पोरांना पाठ आहे. यात्रा संपल्यावर आठ दिवसांत त्यांनी नकाशा काढून लिहून दिले, तर ते १ मेच्या ग्रामसभेत यावे: आमराईच्या वाटेवर कडुलिंब, चिंच, आंबा कुठे लावायचा, पाण्याचे टाके कुठे, खर्च कोणत्या निधीतून. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ते प्रोसिडिंगमध्ये नावानिशी घ्यावे. जी मागणी मान्य झाली तिच्यापुढे ठराव क्रमांक आणि रक्कम, जी झाली नाही तिच्यापुढे एका ओळीत कारण. पुढची सभा सुरू होताना आधीचे इतिवृत्त वाचून कायम करतात. त्या वेळी ही यादी, लिहून देणाऱ्या मुलांना समोर बसवून, पहिल्यांदा वाचली जावी.